सोलापुरातील घरासाठी इंजिनिअर्ड लाकडाच्या तुळया: निवड, बसवणी आणि देखभाल

सोलापूरच्या जुन्या पेठांमधील बरीच घरे दगडी किंवा विटांच्या भारवाहक भिंतींवर उभी आहेत. कुटुंब वाढते, वर एखादी खोली काढावी असे वाटू लागते, आणि जुन्या भिंतींना नव्या स्लॅबचे ओझे पेलेल का, हा प्रश्न सर्वांत आधी समोर येतो. ५ इंच जाडीच्या आरसीसी स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलोंहून अधिक भरते. फरशी, तिच्याखालचा माल आणि वरच्या भिंती यांची भर वेगळी. इंजिनिअर्ड लाकडाच्या, म्हणजे लाकडाचे पापुद्रे किंवा फळ्या चिकटवून कारखान्यात केलेल्या तुळया, त्यांवर जाड प्लायवूड आणि खालून जिप्समचे छत असा मजला केल्यास तेच वजन दर चौरस मीटरला साधारण ५० किलोंच्या आसपास राहते. शिवाय १२ फुटी खोलीसाठी लागणारी एक तुळई २०-२२ किलोंची असते, त्यामुळे जिथे मिक्सरची गाडी शिरत नाही अशा बोळातूनही दोन माणसे ती खांद्यावरून नेऊ शकतात.

तरीही संपूर्ण घर लाकडाचे करावे, असे येथे सुचवायचे नाही. सोलापूरच्या हवेत आणि मातीत पाया, जोते, तळमजला, न्हाणीघर व संडास हे वीट आणि काँक्रीटमध्येच असावेत, आणि इंजिनिअर्ड लाकूड वरचा हलका मजला, पोटमाळा किंवा उतरते छप्पर यांसाठी वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काळ्या मातीतील पाया पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या थरातून खाली मुरमापर्यंत न्यावाच लागतो. वरचा मजला हलका केला म्हणून त्यात सवलत मिळत नाही. उतरते छप्पर निवडताना आणखी एका गोष्टीचा विचार घरात सर्वांनी मिळून करावा. कुरडया-पापडांचे वाळवण आणि उन्हाळ्यातील रात्रीचे झोपणे ज्या गच्चीवर होते, ती गच्ची अशा छपरामुळे जाते. ती हवी असेल तर घराच्या एका भागावर स्लॅब ठेवून उरलेल्या भागावर लाकडी छप्पर घेणे हा चांगला मध्य आहे. पाण्याची टाकी त्या स्लॅबवरच ठेवावी, कारण १,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन एका जागी आले.

बाजारातील नाव आणि प्रत्यक्ष माल

फर्निचरच्या दुकानात ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असते. कपाटासाठी ते ठीक आहे. घराचा भार पेलण्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. भार घेणारे प्रकार वेगळे आहेत आणि एका घरापुरते पाहिले तर त्यांतील तीनच कामाचे आहेत.

पहिला एलव्हीएल, म्हणजे लॅमिनेटेड व्हिनिअर लंबर. यात साधारण ३ मिलिमीटर जाडीचे लाकडाचे पापुद्रे सर्वांचे तंतू एकाच दिशेने ठेवून डिंकाने दाबून चिकटवलेले असतात, त्यामुळे एका पापुद्र्यातील गाठ शेजारच्या पापुद्र्यात येत नाही आणि तुळईची ताकद सर्व लांबीभर जवळपास सारखी राहते. दुसरा ग्लुलॅम, म्हणजे सुकवलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेली जाड तुळई. या पद्धतीचे जर्मनीतील ओटो हेट्झर यांचे पेटंट १९०६ सालचे आहे, म्हणजे हे तंत्र शंभर वर्षांहून अधिक काळ पारखले गेले आहे. दिसण्यात देखणी हवी असलेली दर्शनी तुळई ग्लुलॅमची घ्यावी, आणि छतात झाकल्या जाणाऱ्या तुळया एलव्हीएलच्या घ्याव्यात. तिसरा प्रकार संरचनात्मक प्लायवूड. त्यात पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे असतात, म्हणून ते तुळयांवर अंथरल्यावर मजला एकसंध पत्र्यासारखा वागतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९० च्या दशकात विकसित झालेल्या सीएलटीच्या (फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या) मोठ्या लाद्या परदेशांत बहुमजली इमारतींना वापरतात, परंतु त्या क्रेनने बसवाव्या लागतात, म्हणून गल्लीतील एका घराच्या कामासाठी त्यांच्या मागे लागू नये.

एलव्हीएल विकत घेताना विशेष सावध राहावे लागते. आपल्याकडे दरवाजाच्या चौकटी आणि फर्निचर यांसाठीही एलव्हीएल विकले जाते. त्याची ताकद कोणी मोजलेली नसते आणि कित्येकदा त्याचा डिंक ओलाव्यात टिकणारा नसतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात. म्हणून विक्रेत्याकडे भावाची चौकशी करण्याआधी मालाची ताकदश्रेणी लेखी मागावी. आयात ग्लुलॅमवर ‘जीएल २४ एच’ अशी श्रेणी असते. तिचा अर्थ वाकण्यातील प्रमाणित ताकद दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन आहे. एलव्हीएलसाठी ‘४८ पी’ अशी श्रेणी आढळते, आणि तिची ताठरता, म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक, १३,८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते. भारतीय मानकांपैकी आयएस १४६१६ हे एलव्हीएलसाठी, आयएस १०७०१ हे संरचनात्मक प्लायवूडसाठी आणि आयएस ८८३ हे लाकडी बांधकामाच्या आरेखनासाठी (डिझाइनसाठी) आहे. ही कागदपत्रे ज्याच्याकडे नाहीत आणि ‘माल एक नंबर आहे’ एवढेच जो सांगतो, त्याच्याकडून भार घेणारी तुळई घेऊ नये, भाव कितीही कमी असला तरी.

डिंकाची रेषा गडद तपकिरी असली की ओलाव्यात टिकणारा फिनॉलिक डिंक आणि माल पक्का, अशी समजूत आहे. ती पुरेशी नाही. मेलामाईन आणि पॉलियुरेथेन हे डिंकही बांधकामात वापरले जातात आणि त्यांच्या रेषा फिकट किंवा जवळजवळ न दिसणाऱ्या असतात. शंका असल्यास नमुन्याचा तुकडा आठ तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहावा. पापुद्रे सुटले तर माल परत करावा. न सुटल्यास डिंक ओलाव्यात टिकणारा आहे एवढेच सिद्ध होते, तुळईची ताकद सिद्ध होत नाही.

गाळा, उंची आणि बाक

लाकडी मजल्याच्या बाबतीत तुळई मोडण्याची भीती लोकांना वाटते, परंतु प्रत्यक्षात आरेखन बहुतेक वेळा बाकावर, म्हणजे भाराखाली तुळई मधोमध किती लवते यावर ठरते. मजला लवचीक वाटला, चालताना कपाटातील भांडी वाजू लागली, की ताकद भरपूर असूनही ते घर समाधान देत नाही. आयएस ८८३ नुसार, ठिसूळ छत किंवा फरशी पेलणाऱ्या तुळईचा बाक गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकणांमधील अंतराच्या, ३६० व्या भागापेक्षा अधिक नसावा.

१२ फूट, म्हणजे साधारण ३.६ मीटर गाळ्याची खोली घेऊ. तुळया दर ६०० मिलिमीटरवर, आणि मजल्याचे स्वतःचे वजन अधिक राहत्या घराचा भार मिळून दर चौरस मीटरला २५० किलो धरू. येथे बाकाची मर्यादा १० मिलिमीटर येते. वर सांगितलेल्या ताठरतेची, ४५ मिलिमीटर रुंद आणि २४० मिलिमीटर उंच एलव्हीएलची तुळई वापरल्यास बाक सुमारे ५ मिलिमीटर येतो. उंची २०० मिलिमीटर केल्यास तोच बाक ८ मिलिमीटर होतो, आणि लाकूड कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू आणखी लवत असल्याने हातात फारसे काही उरत नाही. उंची फक्त २० टक्क्यांनी वाढवली की ताठरता जवळजवळ पावणेदोन पट होते, कारण ती उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी वाढवून हा लाभ मिळत नाही. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर तुळईची उंची कमी करू नये. हे आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष आरेखन स्ट्रक्चरल इंजिनिअरने करावे आणि त्याच्या सहीचे नकाशे महापालिकेच्या परवानगीच्या प्रस्तावाला जोडावेत. घरावर बँकेचे कर्ज घ्यायचे असल्यास लाकडी मजल्याविषयी बँकेला आधीच लेखी विचारून ठेवावे.

त्याच इंजिनिअरकडून जुन्या भिंतीही तपासून घ्याव्यात. सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते, आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप शेजारच्याच लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड माळवदांनी त्या पहाटे माणसे गाडली गेली. हलके छत हा भूकंपात मोठा आधार आहे, पण भिंतीचे आतले व बाहेरचे थर सुटलेले असतील, तिला फुगवटा आला असेल, तर वर काहीही बांधू नये. आधी भिंत दुरुस्त करावी. भिंती ठीक असल्यास त्यांच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टा घालावा, म्हणजे तुळयांना सपाट बैठक मिळते आणि भिंती एकमेकींना बांधल्या जातात.

तुळईची टोके

या सर्व कामात सर्वाधिक लक्ष कोठे द्यावे असे विचारले, तर उत्तर एकच आहे: टोकांकडे. जुन्या वाड्यांच्या तुळया वखारीत विकायला येतात तेव्हा पाहावे. मधला भाग शंभर वर्षांनंतरही खणखणीत वाजतो, पण टोके आधीच कापून टाकलेली असतात, कारण ती भिंतीत कुजलेली असतात. पूर्वीच्या पद्धतीत तुळईचे टोक दगडी भिंतीत घालून भोवती चुना-माती दाबून भरत. भिंत पावसात ओली झाली की ते पाणी तंतूंच्या उघड्या तोंडातून आत शोषले जाई आणि भोवती हवा नसल्याने ते पुन्हा सुकत नसे. सागवानाने हे दीर्घकाळ सहन केले. आयात स्प्रूस किंवा पाईनपासून केलेली तुळई तेवढे सहन करणार नाही.

आयएस ८८३ मध्ये या बाबतीत स्पष्ट नियम आहे: टोके हवा खेळेल अशा खोबणीत असावीत, ती बंदिस्त करू नयेत, आणि भिंतीवर किंवा काँक्रीटवर टेकणाऱ्या तुळईला किमान ७५ मिलिमीटर टेकण असावे. प्रत्यक्ष काम असे करावे. आरसीसी पट्ट्याचे क्युअरिंग पूर्ण होऊन तो वाळू द्यावा. ओल्या काँक्रीटवर लाकूड ठेवू नये. पट्ट्यावर डांबरी फेल्टचा किंवा जाड प्लास्टिकचा ओलावारोधक थर अंथरून त्यावर जस्त चढवलेल्या लोखंडाचा जोडा (तुळईचे टोक धरणारी खोबण) बोल्टने पक्का करावा आणि तुळई त्या जोड्यात बसवावी. तुळईच्या टोकासमोर आणि दोन्ही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर मोकळी फट ठेवावी. जागेवर कापलेल्या प्रत्येक तोंडाला, छिद्रालासुद्धा, वाळवी-बुरशीरोधक द्रावणाचे दोन हात द्यावेत, कारण कारखान्यात दिलेली प्रक्रिया कापल्यावर उघड्या पडणाऱ्या गाभ्यापर्यंत पोहोचलेली असेलच असे नाही.

यानंतरचा धोका गिलाव्याच्या दिवशी येतो. मोकळी फट दिसली की ती मालाने भरून थापी फिरवणे ही गवंड्याच्या हाताची सवयच असते, आणि ते तो काम नीटनेटके व्हावे म्हणूनच करतो. त्या दिवशी घरमालकाने किंवा सुपरवायझरने स्वतः तेथे उभे राहावे आणि फट का ठेवली आहे ते गवंड्याला समजावून सांगावे. चिमण्या आणि उंदीर शिरू नयेत म्हणून फटीवर बारीक जाळी लावता येते. माल भरू नये.

बोल्टच्या जागाही महत्त्वाच्या आहेत. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, पण उंचीत आकसते. ओलावा १ टक्क्याने बदलला की सॉफ्टवूडच्या (स्प्रूस, पाईनसारख्या सूचिपर्णी लाकडाच्या) आडव्या मापात साधारण पाव टक्का फरक पडतो. १२ टक्के ओलाव्याची २४० मिलिमीटर उंच तुळई सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ७ टक्क्यांपर्यंत सुकली, तर ती सुमारे ३ मिलिमीटर आकसते. एकाच ताठ लोखंडी प्लेटमधून वर एक आणि खाली एक असे बोल्ट मारलेले असतील तर त्यांच्यातील अंतर बदलू शकत नाही, आणि तुळई त्या दोन बोल्टांमध्ये लांबीच्या दिशेने चिरते. बोल्ट तुळईच्या खालच्या भागात एकमेकांच्या जवळ ठेवावेत, आणि वरचा बोल्ट आवश्यकच असेल तर प्लेटमध्ये त्याचे छिद्र उभे लांबट करावे.

वाळवीचा बंदोबस्तही खरे तर टोकांपाशीच होतो. नवे बांधकाम असेल तर आयएस ६३१३ प्रमाणे पायाच्या मातीला प्रक्रिया करून घ्यावी. तेवढ्यावर विसंबू मात्र नये. वाळवी जमिनीतून भिंतीवर मातीच्या नळ्या काढत वर येते, म्हणून तुळयांच्या टेकणाखालचा भिंतीचा हातभर पट्टा कायम डोळ्यांना दिसेल असा उघडा ठेवावा. तेथे पॅनेलिंग, वॉलपेपर किंवा कपाट नको. बोरॉनची प्रक्रिया केलेले लाकूड फक्त पाणी न लागणाऱ्या आतल्या जागी वापरावे, कारण बोरॉन पाण्यात धुऊन जातो.

वारा, ऊन आणि आग

वळवाच्या वादळात पत्रे उडणे सोलापूरला नवे नाही, आणि पत्र्यावर दगड ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. हलके छप्पर वारा वर उचलतो; म्हणून प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने तुळईला किंवा आरसीसी पट्ट्याला बांधावा आणि तो पट्टा सळ्यांनी खालच्या भिंतीत अडकवावा. वजन कमी झाल्याचा फायदा भिंतींना मिळतो, पण वाऱ्यापुढे तोच तोटा ठरतो, याचा हिशेब इंजिनिअरकडून स्वतंत्रपणे करून घ्यावा.

लाकूड काँक्रीटपेक्षा उष्णता कितीतरी कमी वाहून नेते, म्हणून लाकडी छप्पर थंड राहील असे गृहीत धरले जाते. नुसता पत्रा आणि खाली लाकडी फळ्या असे केल्यास दुपारी खोली तापतेच, कारण हलक्या छपरात उष्णता साठवून उशिरा सोडण्याची क्षमता नसते. वाशांच्या मधे ७५ ते १०० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर), त्यावर किमान ५० मिलिमीटर मोकळी हवा वाहणारी पोकळी, आणि सर्वांत वर पांढरा किंवा फिकट रंगाचा पत्रा अशी रचना केली तर मात्र स्लॅबखालच्या खोलीशी तुलना करण्यासारखा आराम मिळतो, विशेषतः रात्री, जेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता खाली सोडत राहतो.

आगीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात, लाकडी घर म्हणजे आगीला आमंत्रण आणि इंजिनिअर्ड लाकडाला आगीची भीतीच नाही, आणि दोन्ही अपुरी आहेत. लाकूड पृष्ठभागाकडून मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर वेगाने जळत आत जाते, आणि वर साचलेला कोळसा आतल्या लाकडाचे रक्षण करतो. त्यामुळे जाड ग्लुलॅमचा गाभा बराच वेळ भार पेलत राहतो. ४५ मिलिमीटरच्या एलव्हीएलला हे लागू होत नाही. ती दोन्ही बाजूंनी जळत गेली तर अर्ध्या तासात तिच्यात काही उरत नाही. म्हणून पातळ तुळयांखाली जिप्सम बोर्डाचे छत घालावेच, उघडे लोखंडी जोडे झाकावेत, आणि वायरिंग पूर्णपणे कॉन्ड्युइटमधून (वायरींच्या नळीतून) न्यावे. इलेक्ट्रिशियन तुळईला खालून खाच पाडणार नाही हे आधीच ठरवून घ्यावे. पाईपसाठी छिद्र लागलेच तर ते तुळईच्या उंचीच्या मध्यावर, टेकणापासून दूर आणि उत्पादकाच्या तक्त्यात दिलेल्या मापाच्या आतच असावे.

कामाचा हंगाम आणि वार्षिक तपासणी

सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. त्यानंतर भिंती सुकू द्याव्यात, डिसेंबर-जानेवारीत तुळया बसवाव्यात आणि वळवाच्या आधी छप्पर पूर्ण बंद करावे. माल आल्यावर तो उन्हात गच्चीवर टाकू नये. जमिनीपासून वीतभर उंच पट्ट्यांवर, थरांमध्ये हवा जाईल असा, सावलीत रचावा. वरून ताडपत्री घालावी पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात, आणि बसवण्यापूर्वी त्याला काही आठवडे येथील हवेत राहू द्यावे. कडक उन्हात घाईने सुकलेल्या ग्लुलॅमवर लांबीच्या दिशेने बारीक चिरा येतात. त्या लाकडाच्या पृष्ठभागावर असतील तर काळजीचे कारण नसते. चीर नेमकी डिंकाच्या रेषेवर असेल आणि तिच्यात पातळ पट्टी खोलवर जात असेल, तर थर सुटू लागल्याचे समजून इंजिनिअरला बोलवावे.

घर वापरात आल्यावर वर्षातून दोनदा पाहणी पुरेशी असते. दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी पिनांच्या ओलावामापकाने प्रत्येक तुळईचे टोक तपासावे. २० टक्क्यांखाली ओलावा असल्यास बुरशी धरत नाही. त्याहून अधिक आकडा एखाद्याच टोकाला आला तर वरच्या पागोळीची, पन्हाळाची किंवा शेजारच्या न्हाणीच्या पाईपची गळती आधी शोधावी आणि ती बंद केल्यावर महिनाभराने पुन्हा मोजावे. दुसरी पाहणी मेमध्ये करावी. त्या वेळी लाकूड सर्वाधिक सुकलेले असते, म्हणून ढिले झालेले बोल्ट हाताने तपासून पाना लावून कसता येतात, परंतु वॉशर लाकडात रुतेपर्यंत आवळू नयेत, कारण जूनमध्ये दमट हवा आली की तीच तुळई पुन्हा फुगते.